तुझा सोमवार, माझा रविवार

अरुतांगा, आइतुताकी
शुक्रवार, २१ नोव्हेंबर
(तुझ्याकडे शनिवार उजाडला असेल)

प्रिय रोंगो,

पाठ कशी आहे तुझी? मलम लावतोस, की कपाटात ठेवून नुसता त्याचा वास घेतोस? इकडे सगळं ठीक आहे. आंबे इतके आलेत की झाडाखाली पाय ठेवायला जागा नाही, डुकरंसुद्धा आता तोंड फिरवतात. तुकी मावशीने परवा माझ्या चुलीवर पातेलंभर जॅम केला, तो खाली लागला, आणि सगळा दोष माझ्या चुलीचा. आईच्या थडग्याला नाताळच्या आत पांढरा रंग द्यायचाय. रंग आणून ठेवलाय, पाऊस थांबत नाही.

पत्र हातात आल्यावर तू आधी पाकीट उलटसुलट करून बघशील, हे मला इथून दिसतंय. बायको रोज सकाळी समोर दिसते, मग पत्र कसलं पाठवते ही? खरंच आहे. मालवाहतुकीच्या एकाच कंपनीत, एकाच मीटिंगमध्ये, तू वरच्या रांगेतल्या चौकटीत आणि मी खालच्या. "मॉर्निंग, तेपाएरू." "मॉर्निंग, रोंगो. ती आपियाला जाणारी पेटी निघाली का?" आणि झालं. ज्या माणसाच्या चहात साखर किती हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल, त्याच्याशी मी, आईला सांभाळायला इकडे आले तेव्हापासून, तीन वर्षं पेट्यांबद्दल बोलतेय.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू थट्टा करतोस आणि मी हसते आणि मग फोन ठेवायची वेळ होते. म्हणून लिहितेय. मावशीचा पुतण्या मंगळवारी ऑकलंडला निघालाय, त्याच्याजवळ देईन. सोबत मासे आहेत, गोठवलेले. आधी ते फ्रीजमध्ये ठेव, मग हे वाच.

कामाचं सांगायचं तर ऑफिसातल्या फिलिपाच्या त्या नव्या ॲपने इथे सगळ्यांची करमणूक चाललीय. सकाळी कॉम्प्युटर उघडला की ते विचारतं, आज तुमचं हवामान कसं आहे? सूर्य, ढग, पाऊस, वादळ, यातलं एक दाबायचं. मी रोज सूर्य दाबते. एकदाच काय ते वादळ दाबलं, कारण खरोखर वादळ येत होतं, खिडक्यांना फळ्या ठोकत होते मी. तर फिलिपाचा घाबऱ्या घाबऱ्या फोन. "तेपाएरू, तुला कुणाशी बोलायचंय का? आपल्याकडे समुपदेशक आहेत." म्हटलं, बाई, सुतार असेल तर पाठव. तेव्हापासून काहीही असो, सूर्य.

तूही सूर्यच दाबतोस. तुझ्या नावापुढे दिसतो.

तसं वाईट नाही ते ॲप, मी उगाच नावं ठेवतेय. सुवाच्या ऑफिसातला तो नवा मुलगा पहिले चार आठवडे तोंड उघडत नव्हता, आता कौतुकाच्या कोपऱ्यात सगळ्यांना शाबासक्या वाटत सुटलाय. रारोटोंगाच्या नानेबाईंना त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं, प्रत्येकाचा आवाज एकेक सेकंद मागेपुढे. बाई रडल्या. फिलिपा मनापासून धडपडते, ते दिसतं. माणसं लांब लांब बसलीत, त्यांना एकटं वाटू नये, त्यांनी कामही करावं. तिचं कामच आहे ते.

तू मला जूनमध्ये एक शाबासकी पाठवली होतीस. "हरवलेली पेटी शोधून दिल्याबद्दल, उत्तम सहकारी." मी काही कुठली पेटी शोधली नव्हती, रोंगो. तारीख बघितली तेव्हा कळलं. लग्नाचा वाढदिवस होता. खालच्या रांगेत मी चेहरा सरळ ठेवला, आणि सुवाच्या त्या पोराने बिचाऱ्याने टाळ्या वाजवल्या.

माझा रविवार मात्र या नोकरीने खाल्ला. तुमची सोमवारची नऊची मीटिंग म्हणजे इथे रविवारचे दहा. बाहेर चर्चची घंटा होते, पांढऱ्या टोप्या घालून सगळ्या बायका माझ्या खिडकीवरून जातात आणि मी आईच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेली. गेल्या महिन्यात फिलिपा म्हणाली, "तेपाएरू, किती सुंदर संगीत लावलंयस मागे!" म्हटलं, ते मी लावलेलं नाही, ते शंभर लोक गातायत. आई हिंडत-फिरत होती तोवर दारातून डोकावून दर वेळी विचारायची, "देवाच्या दिवशी कुणाशी बोलतेस गं?" मी म्हणायची, तुझ्या जावयाशी. मग तिचा राग जायचा. "त्याला विचार, जेवला का." वीस लोकांसमोर कसं विचारू, आई? "का, ते जेवत नाहीत?"

आता मावशी येते. आमच्या बायका दुपारी ओसरीवर तिवाइवाइ शिवायला बसतात, एकच मोठी चादर, चारी बाजूंनी चौघी. मीही बसते काम संपलं की. कापडाची मोठ्ठी पानं आणि फुलं कापून टाचायची. माझे टाके मोठे पडतात म्हणून मला मधली पानं दिलीत, कडेला हात लावू देत नाहीत. तिथे माझी रोज खिल्ली उडते. "हिचा नवरा टीव्हीत असतो. बटण दाबलं की येतो." "बरंय की. घोरला तर बंद करता येतो." मीही हसते. काय करणार?

आणि मग गेल्या आठवड्यात ते झालं. दर पंधरवड्याला ते ॲप कुणाचीही कुणाशी जोडी लावून पंधरा मिनिटं चहाला बसवतं, ओळख वाढावी म्हणून. मला आजवर सुवाचा पोरगा आला, हिशेबातली बाई आली, एकदा खुद्द फिलिपा. या वेळी पडद्यावर अक्षरं आली: "तेपाएरू, भेटा रोंगोला! तुम्हा दोघांना समुद्र आवडतो."

मी एकटीच खदखदून हसले. दोघांची आडनावं वेगळी, कंपनी विकली गेल्यावर सगळी माणसं नवी, कुणाला सांगायचं राहूनच गेलं होतं. यंत्राला तरी कसं कळावं?

तू चौकटीत आलास. दाढी वाढलेली. तूही हसत होतास. आणि मग आपण दोघंही केस सारखे करायला लागलो, जशी काही खरंच पहिली भेट. शेवटी त्या ॲपनेच प्रश्न दिला. तुमच्याबद्दल सहकाऱ्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगा.

तू म्हणालास, "मी घोरतो."

"ते आपल्या अख्ख्या मांगेरे वस्तीला ठाऊक आहे."

पुढचा प्रश्न, तुम्ही कुठे बसून काम करता? तू म्हणालास, घरीच, स्वयंपाकघरात. तुझ्यामागे नेहमीसारखं सगळं धुरकट केलेलं. म्हटलं, काढ ना ते धुकं, माझं स्वयंपाकघर बघू दे मला. खिडकीतल्या कुंडीतलं ते झाड जगलंय का बघू दे.

"पसारा आहे."

"तुझा पसारा मी आयुष्यभर आवरलाय."

"तो जुना. हा नवीन आहे."

मग तू कशाला तरी उठलास आणि वेळ संपली. मजा आली भेटून.

मावशी हाका मारतेय, पाऊस थांबलाय म्हणे, रंगाला चल. पुढचं नंतर लिहिते.

रविवार, दुपार

रोंगो,

वरचं सगळं आज वाचलं आणि फाडावंसं वाटलं. आंबे, डुकरं, जॅम. जे सांगायला बसले होते ते सोडून सगळं लिहिलं. पण राहू दे. तेही माझंच आहे.

सांगायचं होतं ते तुला आज सकाळी दुसऱ्याकडून कळलं. तसं व्हायला नको होतं. गुरुवारी मी फिलिपाला फोनवर सांगितलं, की फेब्रुवारीपासून सगळ्यांनी ऑफिसात परत यायचं असेल तर मी येणार नाही, नाताळाआधी सोडते. ती बिचारी हळहळली. मी म्हटलं, एक आठवडा कुणाला सांगू नकोस, मला एका माणसाला आधी सांगायचंय. तिने शब्द दिला आणि पाळलाही. पण तिने कागदोपत्री माझं नाव फिरवलं आणि त्या ॲपने आपणहून निरोपाचं कार्ड काढून सगळ्यांना सहीला पाठवलं. मीटिंग सुरू झाली आणि पडद्यावर वरून फुगे पडायला लागले. "तेपाएरूच्या नव्या वाटचालीला शुभेच्छा!"

मी त्या फुग्यांमधून तुझा चेहरा शोधत होते. सापडला तेव्हा वाटलं, सापडला नसता तर बरं.

तू आपल्या भाषेत बोलशील असं मला वाटलं नव्हतं. कामावर कधीच बोलला नव्हतास.

"हे काय आहे, पाएरू?"

"सांगणार होते."

"कधी? पुढच्या रविवारी?"

"तुझ्या की माझ्या?"

तू हसला नाहीस. तेव्हा मला भीती वाटली.

"म्हणजे घरी येणार नाहीस तू."

आणि मी बोलून गेले. "कुठल्या घरी, रोंगो? पुनाच्या गॅरेजात?"

हो, बघितलं होतं मी. त्या दिवशी तू उठलास तेव्हा वायर ओढली गेली, कॅमेरा वळला आणि क्षणभर ते धुकं हटलं. तुझ्या भावाच्या गॅरेजचं पत्र्याचं दार मला नीट ओळखू येतं, दर नाताळला तिथेच तर आपण टेबलं मांडायचो. त्याचं गवत कापायचं यंत्र, तेलाचे डबे, आणि मध्ये एक घडीची खाट. खाटेवर आईने आपल्या लग्नात दिलेली तिवाइवाइ, नीट चारी कोपरे ओढून घातलेली. तू तर कधी अंथरूण आवरायचा नाहीस. ते नीट ओढलेले कोपरे बघून मला जे झालं ते मी मीटिंगमध्ये सांगू शकत नव्हते, आणि शुक्रवारी पत्रातही सांगितलं नाही.

तुला आठवतं ना पुढचं? मी बोलले आणि तू मान खाली घातलीस. बाकी सगळ्यांना वाटलं, दोन बेटकरी गहिवरलेत. पडद्यावर हृदयं उडत होती. सुवाच्या पोराने तीनदा टाळ्या दाबल्या. फिलिपाचे डोळे भरलेले. "किती छान! नाने, काय म्हणतायत ते?"

आणि नानेबाई, ज्यांना शब्दन् शब्द कळत होता, चष्मा सारखा करून म्हणाल्या, "बोट उशिरा येणार म्हणतायत. माल कुठे उतरवायचा, त्याचा घोळ आहे."

त्या बाईला मी पहिल्या बोटीने आंबे पाठवणार आहे.

"घरमालकाने घर विकलं," तू म्हणालास. खालीच बघत. "नवीन घरांची भाडी ऐकूनच मी परत फिरलो. तुझ्या आई तेव्हा अंथरुणाला होत्या. म्हटलं, हिला कशाला आणखी. मग आई गेल्या. मग कसं सांगू? आज सांगू, उद्या सांगू."

"आणि मातीला का नाही आलास?"

आठ महिने हा प्रश्न मी गिळून बसले होते, आणि विचारला तो फुग्यांमध्ये.

"मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, काळजी करू नकोस, इथे सगळे आहेत. सगळे आहेत म्हटल्यावर मी कोण?" मग तू वर बघितलंस. "तीन वर्षांत एकदा तरी म्हणालीस का, ये म्हणून? एकदा?"

मी तोंड उघडलं आणि पडदा पांढरा झाला. वेळ संपली होती. "आजची मीटिंग कशी वाटली? एक ते पाच तारे द्या."

मी तशीच बसून राहिले. चर्च सुटलं. मावशी टोपी हातात घेऊन आत आली आणि माझं तोंड बघून पलंगावर बसली. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "मग बोलव की त्याला. तोंड शिवलंय का तुझं?"

म्हटलं, त्याला येता येत असतं तर आला नसता का?

"तो मांगाया बेटाचा. ते लोक बोलावल्याशिवाय स्वतःच्या लग्नालाही जायचे नाहीत."

तर ऐक. काही गोष्टी सांगते, मग ठरव.

इथे सगळे आहेत म्हणाले होते मी, ते खरं होतं. आई गेली त्या दिवशी ओसरी माणसांनी भरली होती. गाणी म्हटली, चूल पेटली, खड्डा खणणाऱ्यांना चहा मी स्वतः दिला. आणि प्रत्येक वेळी कुंपणाचं दार वाजलं की मी वळून बघत होते. मला वाटलं, हा येईलच, याला सांगावं कशाला लागतं? तुला वाटलं, बोलावल्याशिवाय कसं जावं? दोघंही दाराच्या दोन बाजूंना उभे.

आणखी एक, जे मी फिलिपाला सांगितलं नाही. आई गेल्यावर लगेचच मला ही नोकरी सोडता आली असती. धक्क्यावरच्या बोटींच्या ऑफिसात तेव्हाच विचारलं होतं मला. बोट खडकांबाहेर उभी राहते, बार्जवरून, म्हणजे त्या सपाट होडीवरून, पेट्या येतात, त्या मोजून माणसांच्या हवाली करायच्या, भांडणं सोडवायची. तेच काम, फक्त समोर खरी माणसं, आणि रविवार मोकळा. सगळे म्हणाले, घे. मी घेतलं नाही. कारण तुझ्या नावापुढे तो हिरवा ठिपका असतो ना, तू कामाला बसलास की लागतो, तो मला दुसरीकडे दिसला नसता. तो लागला की मी चहा ठेवते. पिवळा झाला की कळतं, जेवायला उठलास. एकदा दुपारपर्यंत लागलाच नाही तेव्हा मी पुनाला फोन केला, उगाच काहीतरी विचारायला, आणि तो म्हणाला, पाठ धरलीय, झोपलाय. "झोपलाय" म्हणाला. तो कुठून बघून सांगतोय हे तेव्हाच कळायला हवं होतं मला. फिलिपाने ते ठिपके लावले कोण काम करतंय ते कळावं म्हणून. मी त्यांच्यावर संसार चालवत होते.

आता तो बंद होईल. नाताळाआधी माझं खातं मिटेल आणि तू उठलास की नाही, जेवलास की नाही, हे मला कशातूनही कळणार नाही. तरी मी सोडतेय. कारण मला ठिपका नको झालाय, रोंगो. मला तू दाढी केल्यावर बेसिनमध्ये सोडतोस ते केस हवेत. मला तुझं घोरणं हवंय, बंद करायचं बटण नसलेलं.

मी त्या धक्क्यावरच्या लोकांना काल होकार दिला. आणि दिला तेव्हा आणखी एक विचारलं. बार्जवर माल कसा रचायचा हे बघणारे म्हातारे तेरेपाई आता थकलेत. उचलायचं काही नसतं, खडूने खुणा करायच्या आणि ओरडायचं. ओरडण्यासाठी पाठ लागत नाही. ते म्हणाले, कंटेनरचं कळणारा माणूस असेल तर घेऊन ये. मी नाव सांगितलं नाही. तुला न विचारता कशाला सांगू?

सोपं जाणार नाही, तेही सांगते. इथे इंटरनेट पावसात जातं, दुकानात कधी कांदे नसतात, आणि बायका तुझी ओसरीवर रोज थट्टा करतील. मांगायाचा जावई म्हणून पोरंसुद्धा मागून ओरडतील. तुला ऑकलंड सोडवणार नसेल, पुनाला सोडवणार नसेल, तर तसं लिही, मी रागावणार नाही. रागावेन, पण वाचेन. आणि गॅरेजात राहिलास म्हणून तू कमी झालास, असं मनात आणू नकोस. मला फक्त एवढं खटकलं, की तू तिथे एकटा सूर्य दाबत बसला होतास, आणि मी इथे.

आईच्या खोलीतलं टेबल मी आज दुपारी बाहेर काढलं. मावशीने एक बाजू धरली. खोली मोठी दिसायला लागलीय. पलंग तिथेच आहे, दोघांना पुरेल एवढा, समुद्राचा वारा सरळ येतो.

हे हातात आलं की फोन करू नकोस. फोनवर तू थट्टा करशील. नुसतं तिकीट काढ, किंवा नको काढूस. शनिवारचं विमान उतरेल तेव्हा मी विमानतळावर जाईन, तू त्यात असशील असं धरून नव्हे, मला जायचंय म्हणून.

इथे सगळे आहेत. तू नाहीस. हे मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं, आज म्हणतेय, कागदावर, म्हणजे तुला पुन्हा वाचता येईल.

रोंगो, ये. मी बोलावतेय.

तुझी बायको,
पाएरू